कादरी डॉक्टरांचा हौद

एकोणीसशे अठ्ठावन्न साली मी बावीस वर्षांचा होतो. शाळा म्हणाल तर निजामाच्या राज्यातली, उर्दूतली दुसरी. तीही पुरी नाही. मराठी अक्षरं मी मेंढरांमागं फिरता फिरता, रेल्वे स्टेशनांच्या पाट्या वाचून शिकलो. लिहिण्यात चुका निघतील. निघू देत. मागच्या आठवड्यात पूर्ण्याच्या हाटेलात एक शिकलेला माणूस चहा पिता पिता चारचौघांत बोलून गेला, "तो कादरी डॉक्टर? तो तर औषधाच्या निमित्तानं हैदराबादला गेला अन् तिकडूनच पळाला." मी तिथंच म्हणालो, "तुमी खोटं बोलायलाव." तो हसला. लोकही हसले. तोंडानं सांगितलेलं ऐकत नसाल तर आता कागदावर वाचा.

डॉक्टरांचा दवाखाना पूर्णा जंक्शनच्या मागं होता. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात दगडी हौद आणि रस्त्यापलीकडं आड. माणूस उंच, काटक. भर वैशाखातसुद्धा शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सायकलला घंटी नव्हती, "हटो जी, हटो! मरीज मरायलाय!" असं ओरडत बाजारातून जायचे. एकदा एका बाईनं हटकलं, "डॉक्टर, कोण मरायलाय?" तर म्हणाले, "कोई नहीं. पण तू बाजूला झालीस ना?"

दवाखान्यात हाताची खुर्ची एकच. तीवर रोग्यानं बसायचं, स्वतः डॉक्टर तिपाईवर. आम्ही धनगर, कचेरीत गेलो की भुईवर बसायची सवय. त्या खुर्चीत बसवलं की माणूस रोगापेक्षा खुर्चीलाच जास्त भ्यायचा. मग डॉक्टर प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे: "झोप लागते का? भाकर गोड लागते का?" पायात काटा मोडलेला असो, खरूज असो, आधी हे दोन. एका पैलवानाचा गाल सुजलेला. तो कावला, "दात दुखायलाय डॉक्टर, भाकरीचं काय इचारता?" डॉक्टर म्हणाले, "दात सबके दुखते जी. पण भाकर गोड लागत नसंल, तर ते दुखणं माणूस कुणाला सांगत न्हाई. म्हणून मीच इचारतो."

आणि दवाखान्याचा एक कायदा होता. त्या अंगणात कुणी कुणाला येडा म्हणालं, पागल म्हणालं, झपाटलेला म्हणालं, तर त्यानं आडावरून एक घागर पाणी आणून हौदात ओतायचं. एका शब्दाला एक घागर. फौजदारानं आणली होती. तालुक्याचा एक मोठा वकील धोतर खोचून घागर आणताना मी स्वतः पाहिला. डॉक्टर तिपाईवरून ओरडायचे, "सांडू नका वकीलसाब, सांडलेली धरत न्हाई!" लोकांच्या तोंडामुळं तो हौद बाराही महिने भरलेला असायचा.

पोलीस ॲक्शननंतर त्यांचे पुष्कळ नातेवाईक हैदराबादला गेले. काही त्याच्याही पुढं गेले. त्यांचा धाकटा भाऊ त्या दिवसांत मारला गेला. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. पण लोक खोचून विचारायचे, "डॉक्टर, तुमी कवा निघता?" तेव्हा उत्तर ठरलेलं: "मेरा टिकट पूर्णा तकच है." असं म्हणून छातीच्या खिशावर थाप मारायचे.

आता माझ्या भावाचं सांगतो.

दाजीबा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्यानं कातरी हातात घेतली की मेंढराला कळायच्या आत लोकर अंगावेगळी व्हायची. त्या वर्षी पोळ्यानंतर तो बसला. बसला म्हणजे बसलाच. मेंढरं कोंडायला आम्ही दोरीची जाळी लावतो, तिला वाघूर म्हणतात. त्या वाघरीच्या खुंटाला टेकून दिवस दिवस बसायचा. "दादा, काय झालं?" "काई न्हाई." पुढं ठेवलेल्या भाकरीकडं दगडाकडं बघावं तसं बघायचा. लोक मला अजून कारण विचारतात. पोर मेलं नव्हतं, कळपात रोग नव्हता, बायकोशी भांडण नव्हतं. कारण नव्हतं! माणसाला ताप येतो तेव्हा कारण विचारता का? दोनदा त्याला विहिरीच्या काठावरून परत आणावा लागला. दुसऱ्यांदा मी आणला. याच्यापुढं त्यावर लिहीत नाही.

आमच्या गावचा देवऋषी गेनबा. त्यानं धूर दिला, लिंबं उतरवली, कडुलिंबाच्या फोकानं झोडपलं. शेवटी म्हणाला, "लांबच्या देवाच्या ठाण्यावर न्या अन् साखळीला बांधा. देव सोडंल तवा सुटंल." आबांनी, म्हणजे आमच्या बापानं, ते मनावर घेतलं. दाजीबाच्या पायाला दोर लागला, आणि आठवड्याभरानं, संक्रांतीच्या आधी एक दिवस, आम्ही जवळच्या चुडाव्याच्या स्टेशनावर गाडीत बसलो. पूर्ण्याला गाडी बदलायची होती. तोवर दोरानं घोटा सोलून पू धरला होता. आबा म्हणाले, "वेळ हाय तवर पट्टी करून घिऊ."

डॉक्टरांनी दाजीबाला खुर्चीत बसवलं. घोटा पाहिला, मग दोर पाहिला.

"किसने बांधा?"

"म्या," आबा म्हणाले. "पोरगं येडं झालंय. झपाटलंय."

"दोन शब्द. दोन घागरी."

रांगेतल्या माणसांनी हसत हसत आबांना कायदा सांगितला. आबा हसले नाहीत. रझाकारांच्या दिवसांत आमचा अर्धा कळप हाकून नेला होता. ते आबांच्या पोटात होतं. ते भर अंगणात म्हणाले, "तुमच्या हौदात म्या पानी भरनार न्हाई. तुमच्या लोकांनी माझी मेंढरं नेली."

अंगणातलं हसू थांबलं. डॉक्टर घोटा धूत राहिले. मग म्हणाले, "मेंढरं मी नेली न्हाईत, आबासाब. पाणी ऱ्हाऊ द्या. बाकी ठेवतो."

"ठेवा. बाकीच ऱ्हाईल."

पट्टी झाली. डॉक्टर तिपाई पुढं ओढून दाजीबासमोर बसले. "झोप लागते का? भाकर गोड लागते का?" दाजीबा गप्प. डॉक्टर वाट बघत बसले. रांग खोळंबली, आबा उठबस करायला लागले, तिकडं स्टेशनात शिट्टी झाली आणि आमची गाडी निघून गेली. डॉक्टर हलले नाहीत. बऱ्याच वेळानं दाजीबा भुईकडं बघत म्हणाला, "माती लागती."

"हौ," डॉक्टर म्हणाले. "माती लगती. माहीत हाय मला. ह्या दुखण्याला नाव हाय, अन् आता औषध बी हाय."

ते औषध कसलं, हे त्यांनी मला पुढं सांगितलं. ती गोळी मुळात क्षयाच्या रोग्यांसाठी काढलेली. दूर देशातल्या दवाखान्यात ती दिली, तर फुप्फुसं तशीच, पण मरायला टेकलेले रोगी जेवायला लागले, हसायला लागले, वॉर्डात नाचले. "तवा डॉक्टर लोकांच्या ध्यानात आलं, की गोली छाती में नहीं, कहीं औरच काम करती. पण खेळणं न्हाई हां ते. कलेजा म्हणजे लिव्हर खराब करती कधी कधी. म्हणून मी डोळे बघतो." प्रत्येक खेपेला ते दाजीबाला उजेडात उभा करून बोटानं खालची पापणी ओढायचे, डोळ्याचा पांढरा भाग पिवळा पडलाय का बघायचे आणि "सफेद, बगळ्यासारखा!" म्हणून सोडायचे.

गोळी परभणीत मिळत नव्हती, नांदेडात मिळत नव्हती. हैदराबादचा एक दुकानदार डॉक्टरांसाठी ती मुंबईहून मागवायचा आणि गाडीचा गार्ड तो डबा पूर्ण्याला उतरवायचा. गार्डाच्या मुलीला डॉक्टरांनी टायफॉइडातून काढलं होतं.

पण हे सगळं आबांनी मान्य करायला हवं होतं. आबा म्हणाले, "उद्याच्या गाडीनं ठाण्यावर जानार." डॉक्टर म्हणाले, "होळीपर्यंत मला द्या. होळीला ह्याला भाकर गोड लागली न्हाई, तर मी स्वतः तुमच्यासंगं ठाण्यावर येतो. साखळी मी धरतो." आबा अडेल होते, पण मर्दाचा शब्द मर्दानं घ्यायचा असतो हे त्यांना कळत होतं. ते म्हणाले, "होळीपर्यंत. एक दीस जास्त न्हाई."

"पहिला महिना कुछ नहीं होगा," डॉक्टर मला म्हणाले. "गाव हसंल. हसू दे."

गाव हसलं. गेनबा पारावर बसून म्हणायचा, "गोळीनं भूत पळालं तर म्या दाढी काढीन." दाजीबा तसाच खुंटाला टेकलेला. आबा रोज होळीचे दिवस मोजायचे. मग एका दुपारी जेवताना दाजीबा थांबला आणि मायला म्हणाला, "कालवनात मीठ कमी पडलंय." माय उठली, पालामागं गेली आणि पदर तोंडात धरून रडली. मीठ खरंच कमी होतं. आम्हाला कुणाला कळलं नव्हतं.

होळीला त्यानं पुरणाची पोळी मागून खाल्ली. पाडव्याच्या सुमाराला कातरी घेतली. आणि तिथंच आमच्या हातून घात झाला.

आमच्यात नवसाचं बकरं कापलं की उरलेल्या मटणाच्या पट्ट्या करायच्या, मीठ-हळद चोळून दोरीवर वाळवायच्या आणि गाडग्यात महिनोन् महिने ठेवायच्या. रानात फिरणाऱ्या माणसाची ती शिदोरी. जितकं जुनं तितकी चव. दाजीबाची भूक परत आली म्हणून मायनं गाडगं उघडलं. त्यातल्या पट्ट्या दिवाळीच्या आधीच्या होत्या. दाजीबानं हौसेनं पोटभर खाल्ल्या.

तासाभरात तो डोकं धरून आडवा पडला. "डोस्कं फुटायलंय, डोस्कं फुटायलंय." मान ताठ, अंगाला घाम, छाती बाहेरून दिसावी अशी उडत होती. ओकला. गेनबा न बोलावता आला. "ठाण्याची वाट सोडली ना? भोगा!" आबांनी गोळ्यांचा डबा उचलला आणि म्हणाले, "उद्या ठाण्यावर. आता कुनाचं ऐकत न्हाई." मी रुळाच्या कडेकडेनं पूर्ण्याकडं पळालो.

डॉक्टर सायकलवर मला पुढं बसवून आले. सगळं गाव पालाभोवती. त्यांनी दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला, तोंड गंभीर झालं. दाजीबाला टेकवून बसवला, डोक्यावर ओली फडकी ठेवली, आणि दाब परत परत बघत राहिले. उन्हं कलायला लागली तसा दाजीबाचा घाम आटला, डोळे उघडले.

गेनबानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय झालं हुतं, सांगा की डॉक्टर."

"मला माहीत न्हाई."

"बघा! डॉक्टरलाच माहीत न्हाई!"

"हौ, मला माहीत न्हाई," डॉक्टर उभे राहून म्हणाले. "अन् तुला बी माहीत न्हाई. फरक इतनाच, मी तसं सांगायलोय."

मग त्यांनी मायला समोर बसवलं. सकाळपासून काय काय दिलं? मायनं सांगितलं. असं आधी कधी झालं होतं? तेव्हा दाजीबाच हळू बोलला, "मामाकडं गेलतो तवा बी डोस्कं ठनकलं हुतं. एवढं न्हाई." मामाकडं काय खाल्लं? तेच, गाडग्यातलं. थोडं. होळीनंतर ताजं मटण खाल्लं होतं का? दोनदा. तेव्हा काही झालं? नाही.

डॉक्टरांनी गाडगं मागवलं, एक पट्टी हातात घेऊन हुंगली. "ये बंद. जे ठेवून ठेवून जुनं केलंय ते ह्याला बंद. ताजं खाऊ द्या. असं का, ते कळलं तर सांगीन. न्हाई कळलं तरी बंद."

"येत्या आवशीला परत धरतंय बघा," गेनबा म्हणाला. आवस म्हणजे अमावस्या.

"आवशीला मी इथं येऊन बसतो," डॉक्टर म्हणाले. "ताजं मटण करा. दाजीबा सरदार अन् मी एका ताटात जेवतो. धरायचं असंल त्यानं दोघांना धरावं."

आबांनी गोळ्यांचा डबा खाली ठेवला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं बकरं मुलाण्यानं कापायचं, ही बापजाद्यांची चाल. पण पोलीस ॲक्शननंतर गावात मुलाण्याचं घर उरलं नव्हतं, आणि आमचे आम्हीच सुरी फिरवत होतो. अमावस्येच्या सकाळी आबा कुणाला न सांगता उठून गेले. ऊन चढल्यावर परत आले तेव्हा त्यांच्यासंगं ताडकळसचा मुलाणी होता. मायनं विचारलं, "ह्यो कशाला?" आबा म्हणाले, "न्हाई तर पाव्हना उपाशी उठंल." एवढंच.

डॉक्टर शेरवानीची बटणं लावून आले. गाव जमलं होतं, जसं तमाशाला जमतं. दाजीबा आणि डॉक्टर एका ताटात जेवले. जेवताना डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी है क्या?" दाजीबा म्हणाला, "बरुबर हाय." मग दोघं लिंबाखाली लवंडले. लोक वाट बघत राहिले. दाजीबा घोरायला लागला. डॉक्टरही घोरायला लागले. पोरंटोरं कंटाळून पांगली. दिवस मावळायला आला तसा गेनबा उठला. डॉक्टर डोळे मिटूनच म्हणाले, "गेनबा, ह्या घरात येऊन तू किती वेळा झपाटलं म्हणालास, हिशेब न्हाई माझ्याकडं. एकच आण." आणि खरं सांगतो, पुढच्या बाजारी गेनबानं पूर्ण्याला जाऊन एक घागर ओतली. दाढी मात्र काढली नाही.

आबांनी दोन घागरी ओतल्या नाहीत. डॉक्टरांनीही कधी मागितल्या नाहीत. फक्त आबा दिसले की हौदाकडं बघून मिशीत हसायचे. आबा तोंड फिरवायचे.

माझा नातू आता परभणीला औषधाच्या दुकानात बसतो. तो म्हणतो, "आजोबा, त्या जातीच्या गोळ्यांना एमएओ इन्हिबिटर म्हणतात. आता फार कमी देतात, दुसरी औषधं आलीत. अन् त्यांच्यावर जुनं वाळवलेलं, आंबवलेलं खाल्लं तर दाब एकदम चढतो, हे आता पुस्तकात आहे." असेल. पुस्तकात यायच्या आधी ते आमच्या पालात ठरलं होतं, आणि ठरवणाऱ्यानं आधी "मला माहीत न्हाई" म्हटलं होतं. हे पुस्तकात आहे का, ते नातवाला विचारलं.

महाराष्ट्र झाला त्या सालची दिवाळी जवळ आली होती. मी दाजीबाची गोळी न्यायला पूर्ण्याला गेलो, तर डॉक्टर फलाटावर उभे. अंगात शेरवानी, खांद्यावर दाजीबानं स्वतः कातरलेल्या लोकरीची काळी घोंगडी. गाडी आली. गार्डानं लांबूनच मान हलवली. डबा नव्हता. सलग दुसरी खेप. दुकानदाराचा निरोप होता, की ही गोळी आता येणं मुश्कील. कलेजाच्या त्रासामुळं बाहेरच्या देशांत ती बंद करायचं चाललंय.

"एकदम तोडली तर?" मी विचारलं.

"तेच नको. उतरवत उतरवत बंद करायची. त्याला थोड्या तरी पाहिजेत." डॉक्टरांनी घोंगडी खांद्यावर सावरली. मग म्हणाले, "कल मैं खुद जाता."

दुसऱ्या दिवशी फलाटावर नेहमीचे रिकामटेकडे होतेच. एकानं आवाज दिला, "काय डॉक्टर! तिकीट पूर्ण्यापर्यंतच हुतं ना?" डॉक्टरांनी छातीच्या खिशातून तिकीट काढून त्याच्या नाकापुढं धरलं. "वाचता येतं का? वापसी का है." मी ते तिकीट डोळ्यांनी पाहिलं. जाण्यायेण्याचं होतं. हाटेलातल्या त्या शिकलेल्या माणसानं हे वाक्य दोनदा वाचावं.

चुडाव्यापर्यंत मी त्याच गाडीत होतो. उतरलो. गाडी हलली तेव्हा डॉक्टर खिडकीतून वाकले. गडगडाटात आवाज ऐकू येणार नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून मला दाखवली. डोळे बघत जा. मी मान हलवली. ते पापणी ओढूनच बसले होते, गाडी वळणाला जाईपर्यंत. तेच त्यांचं शेवटचं दिसणं.

डबा आला. गार्ड स्वतः, ड्युटी संपल्यावर, चुडाव्याला उतरून आमच्या पालावर आला. म्हणाला, "डॉक्टरांनी चार दुकानं पालथी घालून शेवटच्या गोळ्या मिळवल्या. रात्री बहिणीच्या घरी छातीत कळ आली. मला बोलावून डबा दिला. म्हणाले, आधी हे पोचव, मी पुढच्या गाडीनं येतो. सांगितलंय, महिनाभर रोज एक, मग दिवसाआड एक, मग बंद. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद. अन् गाडग्याला हात लावायचा न्हाई." मग गार्डानं टोपी काढली. "मागून तार आली, पुढच्या गाडीची वेळ व्हायच्या आत गेले."

दाजीबा रडला. आजारात त्याला एकदाही रडू आलं नव्हतं. त्या दिवशी ढसाढसा रडला. गावात लगेच कुजबुज, की आता ह्याचं परत होणार. झालं नाही. गोळ्या सांगितल्याप्रमाणं उतरल्या, संपल्या, आणि माझा भाऊ म्हातारा होऊन, नातवाच्या वरातीत नाचून मग गेला.

पण ते पुढचं. गार्ड निरोप सांगून गेला त्या दिवशी आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मायची तांब्याची घागर घेतली आणि चुडाव्याच्या स्टेशनावर जाऊन पहिल्या गाडीत बसले. मी मागून गेलो. पूर्ण्याला दवाखान्याच्या दाराला कुलूप होतं. फलाटावरचे ते रिकामटेकडे तिथं उभेच होते. त्यातला एक म्हणाला, "म्हाताऱ्या, कुनासाठी भरतूस? तुझा डॉक्टर तर पळाला." आबांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आडावरून घागर भरून आणली, हौदात ओतली. परत गेले, दुसरी आणली, तीही ओतली. थेंब सांडू दिला नाही.